धुऱ्यावरच्या पऱ्हाट्या आणि समुद्रातला कागद

मागच्या हिवाळ्यात अमरावतीच्या एका सभागृहात पर्यावरणपूरक उद्योगांवर व्याख्यान होतं. वक्ता तरुण होता, अभ्यास करून आलेला आणि मनापासून बोलणारा. त्याने समुद्रशेवाळापासून केलेल्या कागदाची कार्डं श्रोत्यांत फिरवली. माझ्याही हातात एक आलं. फिकट पिवळसर रंग, अंगभर हिरवे-तपकिरी ठिपके, बोट फिरवलं की किंचित खरखरीत. मला ते आवडलं आणि मी ते खिशात घालून घरी आणलं.

बोलण्याच्या भरात तो म्हणाला, की वऱ्हाडासारख्या कोरडवाहू मुलखात कागदाला लागणारा तंतूच नाही. तेव्हा इथल्या उद्योजकांनी किनाऱ्यावरून शेवाळाचा लगदा आणावा आणि इथे कागद करावा. टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेत बसलेल्या दोन-तीन कास्तकारांनीही वाजवल्या, आणि ते मला जास्त लागलं. ते वाक्य मी त्यानंतर आणखी दोन ठिकाणी ऐकलं, थोड्याफार फरकाने. म्हणून त्याला सविस्तर उत्तर देणं भाग आहे.

व्याख्यानाच्या दुसऱ्या दिवशी मी दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या वावरात होतो. उलंगवाडी, म्हणजे कापसाची शेवटची वेचणी, होऊन गेली होती. गड्याने चिमट्याने कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या उपटून धुऱ्याला लावलेल्या. पुरुषभर उंचीचा ढीग, त्यात अडकलेली कवडीची बोंडं, मुळांना काळी माती. गडी म्हणाला, "भाऊ, पेटून देऊ काय? उद्या ट्रॅक्टरवाला येते." मी म्हटलं, थोडा थांब. तो म्हणाला, "थांबून का करता? दरसाल तं पेटवतोच." त्याचं बरोबर होतं. दरवर्षी पेटवतोच. त्या संध्याकाळी पूर्णेच्या काठाने अकोल्याकडे निघालो तर दोन्ही बाजूंनी धूर उठत होता, आणि आदल्या दिवशीचं ते वाक्य डोक्यात होतं: वऱ्हाडात तंतूच नाही.

आधी समुद्रशेवाळाच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करतो. शेवाळाला जमीन लागत नाही, गोडं पाणी लागत नाही, खत लागत नाही. त्यात लाकडासारखं लिग्निन जवळजवळ नसतं. लिग्निन म्हणजे तंतूंना एकमेकांशी घट्ट चिकटवून ठेवणारा पदार्थ. कागदाच्या गिरणीत रसायनांचा आणि उष्णतेचा मोठा भाग ते काढून टाकण्यातच जातो. शेवाळाला ही मेहनत नाही. दक्षिण कोरियात लाल शेवाळापासून लगदा करण्याचे गंभीर प्रयोग झाले आहेत. जेलिडियम नावाच्या लाल शेवाळातून अगर काढून घेतलं, की मागे अतिशय बारीक, एकसारखे तंतू उरतात आणि त्यांचा गुळगुळीत, छपाईला उत्तम कागद होतो. हे विज्ञान पक्कं आहे आणि त्यावर माझा आक्षेप नाही.

आक्षेप आहे तो 'शेवाळ' हा एकच शब्द सगळ्या शेवाळांना लावण्यावर. आपल्या कोकण किनाऱ्यावर, रत्नागिरी-मालवणच्या खडकांवर जी मुबलक दिसतात ती सरगॅसम आणि उल्वा. त्यांच्यात कागदाला हवा तसा तंतू नसतो. ती वाळवून, दळून लाकडाच्या लगद्यात भुकटी म्हणून घालता येतात. इटलीत नेमकं तेच झालं. व्हेनिसच्या खाजणात शेवाळ माजलं, तेव्हा १९९० च्या दशकात फाविनी या कागद कंपनीने ते वाळवून, दळून लगद्यात मिसळलं आणि 'शिरो अल्गा कार्टा' नावाचा कागद बाजारात आणला. काम उत्तम होतं, खाजणातला कचरा सत्कारणी लागला. पण त्या कागदाचा ताव धरून ठेवतो तो लाकडाचा तंतू. शेवाळ त्याच्यात भर म्हणून बसलेलं असतं.

घरी आणलेल्या कार्डाचा एक कोपरा मी रात्रभर पाण्यात भिजवला आणि सकाळी दोन सुयांनी विस्कटून भिंगाखाली पाहिला. लांब, फिकट, चपट्या तंतूंचं जाळं होतं आणि त्यात अडकलेले हिरवे-तपकिरी कण. सुईने ढकलले की कण जाळ्यातून निसटून पाण्यात तरंगायचे. जाळं तसंच राहायचं. कार्ड ज्याच्या जोरावर उभं होतं तो तंतू समुद्रातला नव्हता, एवढं मला साध्या भिंगाने दिसलं.

राहिलं जेलिडियम. त्याच्यात तंतू आहे, पण ते सावकाश वाढतं, बहुतेक खडकांवरून खरवडून गोळा केलं जातं, आणि त्यातल्या अगरला प्रयोगशाळांत आणि मिठाईच्या कारखान्यांत कागदाच्या लगद्यापेक्षा कितीतरी जास्त भाव मिळतो. ज्या वनस्पतीतून अगर निघतं, तिच्यावर कागदाचा धंदा उभा राहणार नाही. फार तर अगर काढून उरलेल्या चोथ्यावर राहील, आणि चोथा अगरच्या मागणीएवढाच असणार.

आता आकडे बघू. भारतात आज शेवाळाचं उत्पादन वर्षाला लाख टनांपेक्षा कमीच आहे, आणि त्यातलं बहुतेक तमिळनाडूच्या किनाऱ्यावर, मंडपम-रामेश्वरमच्या पट्ट्यात. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेने शेवाळासाठी ६४० कोटी रुपये बाजूला काढले आणि उत्पादन ११.२ लाख टनांवर नेण्याचं उद्दिष्ट धरलं. हे वजन ओल्या शेवाळाचं आहे. शेवाळात दहातले जवळजवळ नऊ भाग पाणी असतं. म्हणजे पूर्ण देशाचं उद्दिष्ट पूर्ण झालं, सगळंच्या सगळं शेवाळ कागदाला दिलं, अन्नाला आणि औषधाला चिमूटभरही ठेवलं नाही, तरी हाती सुकं वजन सव्वा लाख टनांच्या आत येईल.

पऱ्हाटीचा हिशेब याच्या शेजारी ठेवा. हेक्टरी दोन ते तीन टन वाळलेल्या पऱ्हाट्या निघतात. अमरावती आणि अकोला हे दोनच जिल्हे धरले तरी कपाशी तीन लाख हेक्टरांच्या वर आहे. कमीत कमी धरून सहा लाख टन. देशाच्या सगळ्या किनाऱ्याच्या स्वप्नाच्या पाचपट माल या दोन जिल्ह्यांच्या धुऱ्यांवर दरसाल पडतो, आणि आपण त्याला आगपेटी लावतो. एवढा माल डोळ्यांसमोर असताना 'इथे तंतूच नाही' हे वाक्य सभागृहात म्हणता कसं येतं, मला समजत नाही.

आणि हा तंतू कागदाला चालतो की नाही याची चाचणी व्हायची बाकी आहे, असंही नाही. पऱ्हाटीचं लाकूड कागदाच्या दृष्टीने रुंदपानी झाडांच्या लाकडाच्या जवळचं आहे. लिग्निन वजनाच्या सुमारे पाव भाग, तंतू आखूड पण काम करणारा. साल वजनाने पाव भागाच्या आसपास, आणि सालीचा तंतू लांब व चिवट. मुंबईत माटुंग्याला १९२४ साली सुरू झालेली कापूस-संशोधनाची प्रयोगशाळा, जिला आज सगळे सिरकॉट म्हणतात, तिने पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड आणि लगदा दोन्ही करून दाखवले आहेत. संशोधन कधीच झालं. ते वापरायला कुणी पुढे आलं नाही, हे दुखणं आहे.

"कागदासाठी झाडं तोडली जातात, शेवाळ झाडं वाचवील," असं वक्ता म्हणाला. कॅनडात किंवा फिनलंडमध्ये ते पटलं असतं. भारतातला सत्तर टक्क्यांहून अधिक कागद रद्दीपासून होतो. लाकूड आणि बांबू सुमारे वीस टक्के, आणि बाकीचा वाटा उसाची चिपाडं, गव्हाचा भुसा अशा शेतीतल्या मालाचा. तमिळनाडूत करूरची सरकारी गिरणी १९८४ पासून चिपाडांवर चालते. आपल्या विदर्भातली बल्लारपूरची गिरणी गडचिरोली-चंद्रपूरच्या बांबूवर वाढली, आणि तो बांबू कुणाचा हा प्रश्न मेंढा-लेखाच्या गावसभेने वर्षानुवर्षं लढवला, तेव्हा २०११ साली वाहतूक परवान्याचा अधिकार गावाच्या हातात आला. आपल्याकडे कागदाचं भांडण झाडापेक्षा तंतूच्या मालकीचं जास्त आहे. शेवाळ आणलं की हे भांडण मिटत नाही, ते फक्त किनाऱ्यावर जातं.

पऱ्हाटीच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे जी शेवाळाला कधीच असणार नाही. गुलाबी बोंडअळी. २०१७ च्या हंगामात तिने विदर्भाचं काय केलं ते इथल्या कुणाला सांगायला नको. ती अळी हंगाम संपल्यावर पऱ्हाटीला लटकलेल्या कवडी बोंडांत सुप्तावस्थेत पडून राहते. म्हणून अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ दरवर्षी सांगतं, की फरदड (त्याच झाडांवर लांबवलेलं पीक) घेऊ नका, पऱ्हाट्या वेळेत उपटा, गावाजवळ गंजी रचू नका. कास्तकार ऐकतो, पण उपटायला मजुरी लागते आणि त्या मालाला दाम नाही. दाम मिळाला तर तो जानेवारीतच वावर मोकळं करील. इथे कागदाचा कच्चा माल गोळा करणं आणि पुढच्या वर्षीची अळी मारणं एकाच मजुरीत होतं.

इथला दुसरा तंतू अंबाडीचा. तिच्याबद्दल कुणी बोलतच नाही, म्हणून मी जरा जास्त बोलणार आहे. माझ्या लहानपणी कपाशीच्या आणि ज्वारीच्या वावरात अंबाडीच्या ओळी असायच्या. कोवळा पाला भाजीला. मग उंच वाढलेल्या झाडांच्या पेंढ्या नाल्याच्या डोहात दगडाखाली दाबून सडवायच्या. पंधरा दिवसांनी तो वास गावभर पसरायचा. साल सोलून, धुऊन, वाळवून घरीच दोर वळायचे. पोळ्याला बैलाची वेसण, मोरकी, कासरा सगळं नवं, अंबाडीचं. नायलॉन आलं आणि दहा-पंधरा वर्षांत वावरातून या ओळी गेल्या. ही अंबाडी म्हणजे जग ज्याला केनाफ म्हणतं तेच झाड. अमेरिकेच्या कृषी खात्याने लाकडाला पर्याय शोधताना पाचशेहून अधिक वनस्पती तपासल्या आणि कागदासाठी सगळ्यांत आशादायक म्हणून केनाफ निवडलं. १९८७ साली 'बेकर्सफील्ड कॅलिफोर्नियन' या दैनिकाने अंबाडीच्या कागदावर आपला अंक छापून दाखवला. त्यांनी पाचशे झाडांतून निवडलेलं हे झाड आपल्या आजीला नावाने माहीत होतं.

गोठ्यात खुंटीला एक जुना अंबाडीचा चऱ्हाट होता, निम्मा कुजलेला. तो उकलला, हातभर पऱ्हाटीच्या ओल्या सालीचे तुकडे त्यात टाकले, आणि धुण्याचा सोडा घालून चार तास चुलीवर शिजवले. पाणी चहाच्या रंगाचं झालं. गाळलं, दहा पाण्यांनी धुतलं, पाट्यावर वरवंट्याने चेचलं. पहिल्या अर्ध्या तासात नुसत्या दशा होत्या. मग हळूहळू त्या फुगल्या, बोटांना बुळबुळीत लागू लागल्या, आणि पाण्यात सोडल्यावर ढगासारख्या पसरल्या. चौकटीला जुन्या साडीचं फडकं ताणून तो ढग उचलला, भिंतीला उन्हात टेकवून ठेवला. दुपारी जो ताव निघाला तो तपकिरी, जाड, कडेला विरळ होता. फाडायला मात्र दोन्ही हातांचा जोर लागला. त्याच्यावर शाईच्या पेनाने लिहिलं तर शाई फुटते, कारण खळ दिलेली नाही. मला कागदाचं काहीच येत नाही. तरी एवढं घरच्या चुलीवर होतं.

यात नवं काही नाही. खुलताबादच्या कागजीपुऱ्यातले कागजी पिढ्यान्‌पिढ्या जुनी गोणपाटं, दोर आणि चिंध्या कुटून ताव काढत आले. वर्ध्याला १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, जे. सी. कुमारप्पांनी तो मगनवाडीत चालवला, तेव्हा हातकागद हा त्यातला एक मुख्य उद्योग होता. पुण्याची हातकागद संस्था १९४० ची. वर्धा अमरावतीहून दोन-अडीच तासांवर आहे.

आणि सर्वांत जवळचा पुरावा खिशात आहे. रिझर्व्ह बँकेच्या नोटांचा कागद शंभर टक्के कापसाचा असतो. त्यात लाकूड नाही. ज्या तंतूवर देशाचं चलन छापलं जातं तो वऱ्हाडाच्या काळ्या मातीत पिकतो. असा मुलूख कागदासाठी तंतूहीन ठरवला जातो!

आता माझ्या बाजूच्या अडचणी. त्या लपवणार नाही, कारण विरोधकांनी विचारायच्या आधी कास्तकारच विचारतो. पऱ्हाटी फुगीर असते. ट्रॉली गच्च भरली तरी वजन भरत नाही, आणि वाहतुकीत नफा जातो. खरं आहे. म्हणून ती वावरातच चिरून, तुकडे करून, दाबून न्यावी लागेल, आणि कारखाना पाच-पंचवीस किलोमीटरांच्या आत हवा. दुसरी अडचण, माल जानेवारी ते मार्चच मिळतो. तिसरी, गरिबाच्या घरी पऱ्हाट्यांवर चूल पेटते. त्या घरातला भारा कुणी उचलू नये. माझं बोलणं धुऱ्यावर जळणाऱ्या ढिगाबद्दल आहे. चौथी अडचण मातीची. श्रेडर फिरवून पऱ्हाटी जमिनीत गाडली तर सेंद्रिय कर्ब वाढतो, आणि जो कास्तकार तसं करतो त्याने तसंच करावं. पण अजून बहुसंख्य ढिगांना आगच लागते, आणि आगीतून जमिनीला फारसं काही मिळत नाही.

सर्वांत मोठी अडचण पाण्याची. दर्यापूर, अंजनगाव, अकोट, तेल्हारा हा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, आणि वान धरणाच्या पाण्यावरून गावं आणि शहरं भांडतात. इथे पांढराशुभ्र कागद करणारी मोठी रासायनिक गिरणी कुणी मागू नये. मी मागत नाही. लहान गिरण्यांनी भुशाचा लगदा शिजवून काळं पाणी नद्यांत सोडलं, त्याचं पाप उत्तर भारताने भोगलं आहे. पांढरा कागद हवाच कशाला? वरूड-मोर्शीचा संत्रा खोक्यांत जातो. त्या खोक्यांच्या मधल्या नालीदार थराला ना ब्लीच लागतं ना पूर्ण शिजवणं. सौम्य सोड्यात थोडं शिजवून, यंत्राने कुटून तो लगदा होतो, आणि तेच पाणी गाळून पुन्हा वापरता येतं. संत्र्याच्या आणि केळीच्या पेट्यांतले साचे, रोपांचे पेले, अंड्यांचे ट्रे, सगळं तपकिरी चालतं. पऱ्हाटीचा आखूड तंतू आणि अंबाडीचा लांब तंतू यांची जोडी नेमकी याच कामाला योग्य आहे.

ही गोष्ट आता झाली नाही तर नंतर होणार नाही, असं मला वाटण्याचं कारण पारस आहे. औष्णिक वीज केंद्रांनी कोळशासोबत किमान पाच टक्के जैवइंधन जाळावं असं केंद्राचं धोरण आहे. बाळापूर तालुक्यातलं पारसचं केंद्र आमच्या कापूसपट्ट्यातच आहे. पऱ्हाटीच्या कांड्या करून भट्टीत घालणं सोपं आहे, त्याला संशोधन लागत नाही. धुऱ्यावर जाळण्यापेक्षा ते बरं, हे मीही म्हणेन. पण तंतू आधी कागद होऊ शकतो, मग खोका, मग रद्दी, मग पुन्हा चार-पाच वेळा खोका, आणि अगदी शेवटी इंधन. पहिल्याच पायरीला त्याला भट्टीत घातलं तर कास्तकाराला जळणाचा भाव मिळेल, त्याहून जास्त कधीच मिळणार नाही.

याची धास्ती मला इतिहासामुळे आहे. १८५३ ला निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या हाती गेलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धात लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या तेव्हा अमरावती आणि खामगावची नावं तिकडच्या बाजारात पोचली. १८७० ला खामगावला आगगाडी आली ती गाठी न्यायला. रुई बाहेर गेली, कापड बाहेर झालं. सरकी तेलाला गेली, ढेप आपण पैसे देऊन परत आणली. आता नांदगाव पेठला पीएम मित्र वस्त्रोद्यान होत आहे, सप्टेंबर २०२४ मध्ये त्याची पायाभरणी झाली. तिथे सूत होईल, कापड होईल, व्हायलाच हवं. त्या उद्यानाच्या आराखड्यात पऱ्हाटीला एक कोपरा द्या, एवढी माझी मागणी आहे. किनाऱ्यावरून सातशे किलोमीटर लगदा आणून वऱ्हाडात कागद करणं म्हणजे त्याच जुन्या आगगाडीने उलटा प्रवास करणं.

शेवाळाचा खरा उपयोग मला दिसतो तो कागदाच्या पोटापेक्षा त्याच्या अंगावर. तपकिरी शेवाळातलं अल्जिनेट कागदाला वरून लावलं की तेल-पाणी झिरपत नाही. लंडनच्या नोटप्ला कंपनीने खाद्यपदार्थांच्या खोक्यांना शेवाळाचा असा लेप देऊन प्लास्टिकचं अस्तर काढून टाकलं आणि २०२२ चा अर्थशॉट पुरस्कार मिळवला. लेप किलोत लागतो, तंतू टनात. लेप मालवणहून खुशाल आणा. त्याने मालवणच्या बाईला रोजगार मिळेल आणि आमच्या संत्र्याच्या खोक्याला ओल लागणार नाही. त्या तरुण वक्त्याने हे मांडलं असतं तर मी सर्वांत आधी उभा राहिलो असतो.

त्याचा दूरध्वनी क्रमांक माझ्याकडे आहे आणि मी त्याला बोलावणार आहे. येत्या उलंगवाडीनंतर, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, त्याने दर्यापूरच्या एसटी स्टँडवर उतरावं. पुढे मी घ्यायला येतो. एका एकराच्या पऱ्हाट्या त्याच्यासमोर उपटू, गावच्या काट्यावर तोलू, मजुरी आणि ट्रॉलीचं भाडं वहीत लिहू. साल वेगळी, लाकूड वेगळं करू. धुऱ्याला या पावसाळ्यात मी अंबाडीच्या दोन ओळी पेरल्या आहेत, त्याही तोवर कापून तयार असतील. त्याने आपलं शेवाळ आणावं, ओलं आणि सुकं दोन्ही वजनं लिहून. चूल, पाटा आणि ताणलेलं फडकं माझ्याकडे आहे. गड्याला मी सांगून ठेवलं आहे, की तोवर ढीग पेटवायचा नाही.